छतातील भोकांचे गणित

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदा राहावयास गेलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांना दोन गोष्टींचे हमखास नवल वाटते. वरच्या बिऱ्हाडातले कोणी चालू लागले की छत करकरते आणि भिंतीवर बोटाने ठोकले की ती पोकळ वाजते. काँक्रीटच्या घराची सवय असलेल्या माणसाला हे सारे तकलादू वाटू लागते. न्यू जर्सी असो वा कॅलिफोर्निया, तिकडच्या तीन-चार मजली सदनिकांच्या कितीतरी इमारती लाकडी सांगाड्यावर उभ्या असतात, हे खरेच आहे. पुण्या-नाशिकचे जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना समजावयास अवघड नाही. वाड्यात ओळीने कड्या टाकलेल्या असत आणि त्यांवर फळ्या किंवा पाट. त्यालाच आपण कडीपाट म्हणत आलो. अमेरिकी घराचा मजलाही मूलत: कडीपाटच आहे. फरक एवढाच, की वाड्यातल्या कड्या खालून दिसत आणि इकडे त्या जिप्सम बोर्डाच्या पांढऱ्या आवरणाखाली झाकलेल्या असतात.

हे आवरण केवळ शोभेसाठी नसते. खालच्या बिऱ्हाडात आग लागली तर वरच्या बिऱ्हाडातील झोपलेल्या माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळावा, ही त्याची मुख्य कामगिरी. आपले छत म्हणजे दुसऱ्याची जमीन, या साध्या गोष्टीतून छतात विजेच्या पेट्या कशा बसवाव्यात याचे नियम निघाले आहेत. दिवा, पंखा, धूरसूचक यंत्र यांपैकी काहीही छताला लावायचे तर एक पेटी बसवावी लागते, आणि पेटी बसवायची म्हणजे त्या आवरणाला भोक पाडावे लागते. अशी भोके किती पाडावीत आणि एकमेकांपासून किती अंतरावर, हा प्रश्न तेथील इलेक्ट्रिशियन मंडळींत वारंवार विचारला जातो. त्यावर ‘चोवीस इंच’ हे उत्तर इतक्या सहजपणे दिले जाते, की ते खरेच वाटू लागते. छताच्या बाबतीत मात्र ते उत्तर चुकीचे आहे. ते का चुकीचे, हे कळण्यासाठी आधी अग्निरोधक छत म्हणजे काय ते पाहावे लागेल.

एक तासाचे छत, दोन तासांचे छत अशी भाषा आपण ऐकतो. हा तास कोणा एका वस्तूचा नसतो, तो संपूर्ण रचनेचा असतो. कड्या किती अंतरावर, बोर्ड किती जाडीचा, तो कोणत्या स्क्रूने आणि किती अंतरावर ठोकलेला, सांधे कसे भरलेले, वर कोणत्या फळ्या, हे सारे ठरवून त्या छताचा एक मोठा नमुना तयार करतात आणि भट्टीवर ठेवतात. भट्टी ठरावीक क्रमाने तापवली जाते. पाचव्या मिनिटाला ५३८ अंश सेल्सिअस, दहाव्या मिनिटाला ७०४, अर्ध्या तासाने ८४३ आणि तासाभराने ९२७ अंश. नमुन्यावर भार ठेवलेला असतो. तो भार पेलत राहिला पाहिजे. वरच्या बाजूचे तापमान सरासरीने १३९ अंशांपेक्षा अधिक चढता कामा नये, आणि वर ठेवलेला कापूस पेटेल इतक्या उष्ण वायूची झुळूकही आरपार जाता कामा नये. ज्या मिनिटाला यांपैकी एखादी अट मोडते, तेथे चाचणी संपते. या चाचणीचे मूळ अमेरिकी मानक १९१८ सालचे आहे. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या, तरी तापमानाचा चढता आलेख बहुतांशी तोच राहिला.

या भट्टीसमोर टिकाव धरते ते जिप्सम, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. जिप्सम म्हणजे आपल्या ओळखीच्या प्लास्टर ऑफ पॅरिसचेच मूळ खनिज. त्याच्या स्फटिकात वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते. अग्निरोधक छतासाठी बहुधा वापरला जाणारा ‘टाइप एक्स’ बोर्ड पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर जाडीचा असतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीच्या छताला असा बोर्ड लावला, तर त्यात वीस लिटरच्या आसपास पाणी दडलेले असते. एक मोठी बादलीभर पाणी कोरड्या छतात साठवून ठेवल्यासारखेच हे. आग लागली की हे पाणी वाफ होऊन निघून जाऊ लागते आणि त्यात उष्णता खर्च होते. पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या फारशी पुढे जात नाही. पाणी गेल्यावर बोर्ड भुसभुशीत होऊन कोसळू नये म्हणून टाइप एक्समध्ये काचेचे तंतू मिसळलेले असतात.

आता हे आवरण नसेल तर काय होईल? आगीत लाकूड तासाला सुमारे दीड इंच या गतीने कोळसा होत जाते. अमेरिकी घरातली कडी प्रत्यक्षात दीड इंच जाडीची असते आणि ज्वाळा तिला दोन्ही अंगांनी लागतात. म्हणजे अर्ध्या तासात कडी उरतच नाही, आणि भार तर ती त्याच्या बरीच आधी टाकून देते. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणी संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उघड्या कड्यांचा मजला सुमारे १९ मिनिटांत कोसळला. लाकडाच्या चुऱ्यापासून बनविलेल्या पातळ पोटाच्या आधुनिक कड्यांचा उघडा मजला तर अवघ्या सहा मिनिटांत गेला. खाली साधा अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड लावताच हेच आकडे अनुक्रमे सुमारे ४५ आणि २७ मिनिटांवर गेले. वरच्या मजल्यावरील माणसांचे आणि त्या मजल्यावर उतरणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानांचे प्राण त्या पांढऱ्या आवरणावर किती अवलंबून असतात, ते या चार आकड्यांवरून कळावे.

अशा आवरणाला भोक पाडले की काय घडते, हे आता सहज लक्षात येईल. खोलीतील आगीचा सर्वांत उष्ण थर नेमका छताला जाऊन भिडतो. त्याचा दाब वरच्या दिशेने असतो. सापडेल त्या फटीतून तो कड्यांमधल्या पोकळीत शिरतो, आणि एकदा तेथे शिरला की बोर्डाच्या मागच्या बाजूने त्याचे काम सुरू होते. बादलीभर पाणी मग खोलीच्या बाजूला राहते आणि आग लाकडाच्या बाजूला पोहोचते.

असे असूनही दिव्याशिवाय घर चालत नाही. म्हणून अमेरिकेच्या ‘इंटरनॅशनल बिल्डिंग कोड’ने (नाव आंतरराष्ट्रीय असले तरी ही संहिता मुख्यत: अमेरिकीच आहे) एक मोजकी सवलत दिलेली आहे. ही संहिता २००० साली प्रथम निघाली. तिची कोणती आवृत्ती लागू करायची ते त्या त्या राज्यात किंवा शहरात ठरते. दोन तासांपर्यंतच्या अग्निरोधक छतात पोलादी पेटी बसविता येते. मात्र एका पेटीचे क्षेत्रफळ १६ चौरस इंचांपेक्षा अधिक असता कामा नये. पेटी आणि बोर्ड यांच्यामधली फट एक-अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर, एवढीच चालते. आणि छताच्या कोणत्याही शंभर चौरस फुटांत अशा सर्व भोकांचे एकूण क्षेत्रफळ शंभर चौरस इंचांच्या पुढे जाता कामा नये.

या तीन अटींत पेटीपासून पेटीपर्यंतच्या अंतराचा उल्लेख कोठेही नाही. छताच्या नियमात इंच मोजायचे नसून भोके मोजायची आहेत.

हिशेब करून पाहू. शंभर चौरस फूट म्हणजे १४,४०० चौरस इंच. त्यात शंभर चौरस इंचांची मुभा म्हणजे १४४ भागांतला एक भाग, शेकडा पाऊण टक्काही नव्हे. दिव्यासाठी सर्रास वापरली जाणारी चार इंची अष्टकोनी पेटी सुमारे सव्वातेरा चौरस इंचांची. अशा सात पेट्या चालतात, आठवी बसविली की मर्यादा ओलांडली जाते. चार इंची चौकोनी पेटी नेमकी सोळा चौरस इंचांची, म्हणून तशा सहाच बसतात. तिच्याहून जराशी मोठी, पावणेपाच इंचांच्या आतबाहेरची चौकोनी पेटीही बाजारात मिळते. तारा भरावयास ऐसपैस म्हणून कारागिरांना ती प्रिय असते. परंतु तिचे क्षेत्रफळ जवळजवळ बावीस चौरस इंच होते आणि या सवलतीतून ती पहिल्याच अटीवर बाद होते. मोठी पेटी वापरायचीच असेल तर तिच्यासह चाचणी उत्तीर्ण झालेले एखादे संरक्षक साहित्य लावावे लागते. उष्णतेने फुगून फट बुजविणारी लांबीसारखी जाड वडी पेटीभोवती थापतात, ती या प्रकारातली.

‘कोणत्याही शंभर चौरस फुटांत’ या शब्दांकडेही नीट पाहावयास हवे. निजण्याच्या खोलीच्या छतात एकच दिवा आहे, म्हणून तेथली शिल्लक स्वयंपाकघरात खर्च करता येत नाही. दहा फूट बाय दहा फुटांची एक काल्पनिक चौकट छताखाली कोठेही सरकवून पाहावी. जेथे भोकांची सर्वाधिक गर्दी असेल, तेथेही हिशेब जमलाच पाहिजे. स्वयंपाकघरात ओट्यावर चार दिवे, मध्ये दोन, जेवणाच्या टेबलावर एक, शिवाय धूरसूचक यंत्र, अशी मांडणी हल्ली फारच आवडीची झाली आहे. नेमकी तीच या चौकटीत अडकते.

मग चोवीस इंच आले कोठून? ते आले भिंतीवरून. दोन बिऱ्हाडांमधल्या अग्निरोधक भिंतीत अलीकडे एक पेटी आणि तिच्या पाठोपाठ पलीकडे दुसरी पेटी असेल, तर आगीला दोन्ही आवरणे भेदणारा सरळ रस्ता मिळतो. म्हणून भिंतीच्या विरुद्ध बाजूंच्या पेट्यांत आडवे चोवीस इंचांचे अंतर ठेवावे, किंवा मधली पोकळी ठरावीक प्रकारच्या खनिज तंतूंनी वा सेल्युलोजने भरून अंतर कमी करावे, किंवा दोन्ही पेट्यांना फुगणाऱ्या लांबीचे वेष्टन द्यावे, असे पर्याय संहितेत आहेत. अमेरिकेची वीजसंहिता १८९७ पासून निघते आहे. अग्निरोधक भिंती, मजले आणि छते यांतून वायरिंग नेताना पडलेली भोके मान्य पद्धतीने बुजवा, असे तिचे कलम सांगते आणि त्याच्या खालच्या टिपेत उदाहरणादाखल या चोवीस इंचांचा उल्लेख येतो. इलेक्ट्रिशियनच्या हाती रोज असते ती वीजसंहिता. बांधकामसंहिता दुसऱ्याच कोणाच्या कपाटात असते. त्यामुळे टिपेतले उदाहरण लक्षात राहिले आणि ते ‘भिंतीच्या विरुद्ध बाजूंना’ आहे हे गळून पडले, असे मला वाटते. छताला पलीकडच्या बाजूची पेटी सहसा नसतेच, असते ती वरच्या घराची फरशी.

या गैरसमजाने नुकसान दोन्हीकडून होते. चोवीस इंचांवर एक याप्रमाणे पेट्या बसविल्या, तर शंभर चौरस फुटांत पंचवीस बसतील. अंतर पाळल्याचे समाधान मिळेल आणि छत मात्र चाळणी होईल. उलट एखाद्या तपासनिसाने अठरा इंचांवरच्या दोन पेट्यांना आक्षेप घेतला, तर मालकाला विनाकारण खर्च पडेल.

सवलत पोलादी पेट्यांना आहे, हेही सांगितले पाहिजे. तासाभराच्या भट्टीतही पोलाद वितळण्याच्या जवळपास जात नाही. पीव्हीसीची पेटी मात्र शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागते, मग भोकाला झाकण असे उरतच नाही. म्हणून प्लास्टिकच्या पेट्या सरसकट चालत नाहीत. अग्निरोधक रचनेत चाचणी करून मान्यता मिळालेल्या प्लास्टिकच्या पेट्या मिळतात, परंतु त्यांच्या मान्यतेसोबत त्यांच्या स्वतंत्र अटी येतात. कोणत्या रचनेत, किती संख्येने, किती अंतरावर, हे त्या मान्यतेच्या नोंदीत लिहिलेले असते. अंतराचा खरा नियम कोठे सापडायचा तर तो येथे. तो पेटीगणिक निराळा असतो, म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबता येत नाही.

सर्वाधिक घोटाळा होतो तो छतात बुडवून बसविलेल्या दिव्यांच्या बाबतीत. सहा इंची गोल दिव्यासाठी पाडलेले भोक अठ्ठावीस चौरस इंचांहून मोठे, म्हणजे सोळाच्या मर्यादेच्या पुष्कळच बाहेर. दिव्याच्या खोक्यावर ‘आयसी’ अशी दोन अक्षरे छापलेली पाहून अनेकजण निश्चिंत होतात. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच, की उष्णतारोधक कापूस दिव्याला चिकटून असला तरी दिव्याच्या स्वत:च्या उष्णतेने आग लागणार नाही. खालच्या खोलीतील आग वर जाणार नाही, असे ती अक्षरे मुळीच म्हणत नाहीत. अग्निरोधक छतासाठी निराळी मान्यता असलेले दिवे घ्यावे लागतात, नाहीतर दिव्यावर पोकळीच्या बाजूने चाचणी झालेले अग्निरोधक खोके बसवावे लागते. अलीकडच्या चकतीसारख्या पातळ एलईडी दिव्यांपैकी काहींना अशी मान्यता आहे आणि काहींना नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

पेट्या आवरणाचा एकच थर भेदतात. तार किंवा नळ जेव्हा खालच्या घरातून थेट वरच्या घरात निघतो, तेव्हा ते आरपार भोक ठरते आणि त्याचे नियम अधिक कडक असतात. असे भोक बुजविण्याच्या कामाकडे लक्ष वेधणारी सर्वांत प्रसिद्ध घटना एका अणुवीज केंद्रातली आहे. २२ मार्च १९७५ रोजी अलाबामा राज्यातील ब्राऊन्स फेरी केंद्रात, भिंतीतून जाणाऱ्या केबलींभोवतीच्या फटी नीट बुजल्या आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी कर्मचारी पेटती मेणबत्ती फटीजवळ धरत होते. ज्योत हलली की हवा जाते, असा सोपा हिशेब. एका फटीतून हवा खेचली जात होती. तिच्याबरोबर ज्योतही आत ओढली गेली आणि फट बुजविण्यासाठी भरलेल्या फेसाळ प्लास्टिकनेच पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली, सोळाशेहून अधिक केबली निकामी झाल्या. सुदैवाने मोठा अनर्थ टळला. आरपार भोके बुजविण्याच्या साहित्याची स्वतंत्र चाचणी अमेरिकेत १९८१ मध्ये मानक म्हणून आली, ती या घटनेनंतरच्या काळात.

आपल्याकडे हे नियम जसेच्या तसे आणण्याचे कारण नाही. आपला मजला काँक्रीटच्या स्लॅबचा असतो आणि आग अडविण्याचे काम तो स्लॅबच करतो. पंख्याच्या हुकाची पेटी त्यात ओततानाच बसविलेली असते, तिच्या वर काँक्रीटचा थर शिल्लक राहतो. दिवाणखान्यात हौसेने केलेले फॉल्स सीलिंग ही शोभेची वस्तू आहे. त्यात वीस दिवे बसविले तरी वरच्या शेजाऱ्याच्या अग्निसुरक्षेत सहसा फरक पडत नाही. आपला कच्चा दुवा दुसरीकडे आहे. विजेच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर केबली वर नेण्यासाठी स्लॅबला भोके ठेवतात. पुढे इंटरनेटवाला येतो, केबल टीव्हीवाला येतो, सीसीटीव्हीवाला येतो, प्रत्येकजण आपली तार ओढतो आणि भोक तसेच ठेवून जातो. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार अशी भोके मजल्याइतकाच अग्निरोध असलेल्या साहित्याने बंद करावयास हवीत. सोसायटीच्या सभासदांनी एकदा डक्टचे दार उघडून विजेरीच्या प्रकाशात वर पाहावे. वरच्या मजल्याचा उजेड दिसला तर धुराचा रस्ताही तोच आहे.

अमेरिकेत सदनिका घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी मात्र मूळ नियम रोजच्या कामाचा आहे. उन्हाळ्यात छताचा पंखा आठवतो, दिवाणखान्यात नवे दिवे हवेसे वाटतात. शनिवारी दुकानातून सामान आणून रविवारी छत कापण्याची तिकडे पद्धत आहे आणि हौस म्हणून ती चांगलीही आहे. परंतु वर दुसरे बिऱ्हाड असेल तर आधी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून छत किती तासांचे आहे आणि कोणत्या चाचणीच्या रचनेनुसार बांधले आहे, हे विचारून घ्यावे. गावच्या बांधकाम खात्याची परवानगीही घ्यावी. तपासनीस येतो तेव्हा पेटीभोवतीची फट बोर्डाच्या लुकणाने नीट भरलेली आहे ना, हे तो पाहतो. पंख्यासाठी साधी दिव्याची पेटी चालत नाही, पंख्याचा भार पेलण्याची मान्यता असलेली पेटी घ्यावी लागते, आणि तीही सोळा चौरस इंचांच्या आतली. घराखालच्या गॅरेजच्या छताला टाइप एक्स बोर्ड असतो म्हणून ते एक तासाचे छत झाले, असेही समजू नये. तेथे पुष्कळदा फक्त बोर्डाची अट असते, चाचणी झालेल्या संपूर्ण रचनेची नसते.

जुना दिवा काढून टाकल्यावर काय करायचे, हा प्रश्न उरतो. पेटी तशीच ठेवून तिच्यावर पोलादी झाकण लावले तर ते नियमात बसते. परंतु त्या शंभर चौरस इंचांच्या हिशेबात ती पेटी मोजली जातच राहते, कारण झाकणामागे बोर्ड नाही. जागा मोकळी करून हवी असेल तर पेटी काढावी, त्याच जातीच्या आणि जाडीच्या बोर्डाचा तुकडा मागे आधार देऊन स्क्रूने घट्ट बसवावा आणि चारही सांधे पट्टी लावून लुकणाने भरावेत. नुसते लुकण चोपडून रंग दिलेले भोक खालून पाहणाऱ्याला दिसत नाही, पण हिशेबात ते उघडेच असते.